मनी कशी शे?

या वर्षी थंडी लवकर आली. दारावरचा आकाशकंदील अजून उतरवलाही नव्हता आणि एका सकाळी नळाचं पाणी बोटांना चावलं. सिडकोतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाले खोक्यांचे पुठ्ठे पेटवून उकिडवे बसायला लागले. भाजीच्या गाडीवर ओल्या हरभऱ्याच्या जुड्या आल्या. टीव्हीवर निफाडचा पारा किती घसरला ते सांगायला सुरुवात झाली. द्राक्षवाले पहाटे बागेत धूर करून बसले असतील, असं आम्ही दर वर्षीसारखं एकमेकांना म्हटलं. आणि माझी डावी कूस जागी झाली.

दर थंडीत होते. दुखत नाही, नुसती ओढल्यासारखी वाटते. घाईत मारलेल्या टाक्यानं कापड एका बाजूला चुणावं तशी. डॉक्टर म्हणतात, तिथे आता दुखण्यासारखं काही नाही. ते खरंच असणार. मी आयटीआयमध्ये मुलींना शिवणकाम शिकवते, त्यामुळे माझ्या कुशीवरची शिवण मी धंद्याच्या नजरेनं कितीदा तरी पाहिली आहे. उत्तम हात आहे. धागा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, ते शोधूनही सापडत नाही. तरी गार वारं सुटलं की तिथून काहीतरी गेलं आहे, हे शरीराला आठवतं. मग मला सटाण्याकडची मंगलताई आठवते. खरं तर ती रोजच आठवते, थंडीत टाळता येत नाही इतकंच.

काही वर्षांपूर्वीची ती थंडी आमची चौघांची होती.

मिलिंद, माझा नवरा, अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर. इलेक्ट्रिकचे पॅनेल तिथे बनतात. चाळिशी ओलांडता ओलांडता त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि डायलिसिस सुरू झालं. मी माझी एक द्यायला तयार होते. तयार होते म्हणण्यात मोठेपणा काही नाही, दुसरा विचार मनात आलाच नव्हता. सगळ्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, "तुमची किडनी अगदी छान आहे. पण यांना चालणार नाही. रक्तगट जुळत नाही." त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले होते. इतकी चांगली वस्तू जवळ असून ज्याला हवी त्याला देता येत नाही, याचा राग कुणावर काढायचा?

काही महिन्यांनी दवाखान्यातून बोलावणं आलं. सटाण्याच्या बाजूचं एक जोडपं आहे, त्यांचीही हीच अडचण, फक्त आमच्या उलटी. त्या बाईची किडनी तिच्या नवऱ्याला चालत नाही, मिलिंदला चालते. माझी मिलिंदला चालत नाही, तिच्या नवऱ्याला चालते. दोन्ही बाजूंची तयारी असेल तर अदलाबदल करता येते.

एका छोट्या खोलीत आम्हाला समोरासमोर बसवलं. केदाभाऊ काटकुळे, हसरे, डोक्याला मफलर गुंडाळलेले. त्यांची बायको मंगलताई माझ्याच वयाची. रापलेला चेहरा, कांद्याच्या कामानं काळी पडलेली बोटं. ती मिलिंदकडे नखशिखान्त बघत राहिली. मग कसलीही प्रस्तावना न करता तिनं विचारलं, "दारू पेतस का?"

मिलिंद गडबडला. "नाही."

"तंबाखू?"

"खायचो. सोडली."

"परत लावशात?"

"नाही हो ताई."

केदाभाऊ ओशाळून म्हणाले, "मंगल, पाव्हणे आहेत ते." तर ती म्हणाली, "मंग? माझी वस्तू जाते. विचारू नको?" माझ्याशी आणि मिलिंदशी ती शहरी मराठी बोलायचा प्रयत्न करायची. घाई झाली, राग आला, माया आली की अहिराणीवर घसरायची. मलाही केदाभाऊंना विचारायचं होतं, पण मी सुशिक्षितपणानं गप्प बसले. तेच म्हणाले, "ताई, तुमची वस्तू मी जपून वापरीन." सगळे हसलो. परवानगी देणाऱ्या समितीपुढे उभं राहिलो तेव्हा आमची ओळख इतकी झाली होती, की बाहेरच्या बाकावर मंगलताईनं आणलेली बाजरीची भाकरी आणि भरीत आम्ही दोघी एकाच डब्यातून खात होतो.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आम्हा दोघींना एकच खोली दिली. नर्स आली आणि मंगलताईच्या हातातल्या काचेच्या बांगड्या काढायला सांगितल्या. "फोडू नका," एवढंच ती म्हणाली, पण तिचा आवाज बदलला होता. नवऱ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हातातली काच फुटणं तिला चालणार नव्हतं. हात कामानं जाड झालेले, बांगड्या वर्षानुवर्षं मनगटात रुतलेल्या. मी तिचा हात मांडीवर घेतला, साबणाचा फेस केला आणि एकेक बांगडी हाडावरून सरकवत काढली. ती डोळे मिटून बसली होती. शेवटची निघाली तेव्हा तिच्या अंगठ्याचं मूळ लालबुंद झालं होतं. तेव्हापासून आमच्यातलं अहोजाहो गेलं.

शुद्धीवर आले तेव्हा तोंडाला कोरड पडली होती आणि दुखत होता तो खांदा. ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या हवेनं खांदा दुखतो म्हणे. शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "ताई, जागी शे का?" मी हं म्हटलं. नर्सनं सांगितलं, दोघांचंही नीट झालं, दोघांनाही लघवी सुरू झाली. एरवी ज्या शब्दाला माणूस नाक मुरडतं, त्या शब्दानं आम्ही दोघी आपापल्या खाटेवर ढसाढसा रडलो. रडताना टाके ओढले जात होते, म्हणून पोटाशी उशी दाबून रडलो.

मग ते कॉरिडॉरमधले दिवस. एका हातात नळीची पिशवी, दुसरा हात एकमेकींच्या खांद्यावर, पावलापावलानं चालत शेवटच्या खिडकीपर्यंत जायचं. तिथे उन्हाचा एक चौकोन पडायचा. त्यात उभं राहिलं की थंडीनं आखडलेलं अंग सैल व्हायचं. नवरे वेगळ्या कक्षात, काचेपलीकडे. आम्हाला त्यांना भेटता येत नव्हतं. म्हणून आम्ही एकमेकींच्या नवऱ्यांबद्दल बोलायचो. केदाभाऊंना कांद्याचं रोप नुसतं बोटांत धरून कळतं, ते लागेल की नाही. मिलिंद आंघोळ करताना शीळ घालतो. अशा निरुपयोगी गोष्टी. आज वाटतं, माझ्या आयुष्यातले सगळ्यात निखळ आनंदाचे दिवस मी हातात लघवीची पिशवी घेऊन काढले आहेत.

घरी आल्यावर फोन सुरू झाले. मी गच्चीवर उन्हात पाय पसरून बसलेली असायची आणि तिचा फोन यायचा. हॅलो नाही, काही नाही.

"मनी कशी शे?"

"तुझी मस्त आहे. आज दोनदा शिरा मागितला तुझ्या किडनीनं. माझी?"

"तुनी बी बेस शे."

हा आमचा खेळ झाला. मिलिंदचा चेहरा उजळत होता, राखाडी कळा गेली होती, ओठ ओठांसारखे दिसायला लागले होते. खोलीच्या बंद दाराआडून शीळ ऐकू यायची. केदाभाऊ तिकडे बांधावर खुर्ची टाकून, तोंडाला मास्क लावून मजुरांना सूचना देत होते. उन्हाळ कांद्याची लागवड चालली होती.

थंडी ओसरत आली. द्राक्षांच्या काढणीचे दिवस. रस्त्यानं क्रेट भरलेल्या गाड्या धावत होत्या. केदाभाऊंना ताप आला, दवाखान्यात दाखल केलं, इंजेक्शनं सुरू झाली, हे मला कळत होतं. शरीर कधीकधी नव्या अवयवाशी भांडतं, औषधानं समजूत काढता येते, असं डॉक्टर म्हणाले होते. मी रोज विचारत होते. मग एका दुपारी तिचा फोन आला. मी वर्गात होते, मुली बाही जोडायला शिकत होत्या. मी बाहेर येऊन फोन घेतला.

"ताई," ती म्हणाली. "गयी."

आणि मी विचारलं, "कुणाची?"

आता कितीही समजावलं तरी तो प्रश्न मला परत घेता येत नाही. केदाभाऊ दवाखान्यात आहेत हे मला माहीत होतं. पण तुझी-माझीच्या त्या खेळात माझी गफलत झाली. क्षणभर वाटलं, हिला कुठून तरी कळलं, हिची गेली, मिलिंदची गेली.  पलीकडे ती थोडी थांबली. मग म्हणाली, "तुनी."

आणि माझा अडकलेला श्वास सुटला. मोठ्यानं सुटला. मला स्वतःला ऐकू आला.

त्यानंतर मी काय काय बोलले, ते आठवत नाही. धीराचंच बोलले असेन. आठवतो तो श्वास. एका बाईनं माझ्या नवऱ्याला जगवलं होतं, ती आपल्या नवऱ्याचं वाटोळं झाल्याचं सांगत होती आणि मी सुटकेचा श्वास टाकला होता. वर्गात परत आले तर एक मुलगी उलटी जोडलेली बाही घेऊन उभी होती. मी तिला ओरडले. काही कारण नव्हतं.

त्या आठवड्यात मी केदाभाऊंना भेटायला गेले. ते पुन्हा डायलिसिसच्या खाटेवर होते. रक्त नळीतून बाहेर जात होतं, यंत्रातून परत येत होतं. मी काय बोलावं ते ठरवून गेले होते, पण मला बघताच त्यांनीच हात जोडले. "ताई, माफ करा. तुमची वस्तू मला सांभाळता नाही आली."

"अहो, तुम्ही कसली माफी मागता? माझीच..."  माझीच कमी पडली, असं म्हणायचं होतं. रात्री झोप लागत नव्हती तेव्हा मी माझं आयुष्य उसवून बघत होते. लहानपणी कावीळ झाली होती. डोकं दुखायचं म्हणून गोळ्या घ्यायची. डॉक्टरांना सगळं सांगितलेलं होतं, त्यांनी सगळं तपासून चांगली आहे म्हटलं होतं, तरी वाटायचं, खोट माझ्यातच असणार. एकाच सकाळी दोघींच्या दोन वस्तू निघाल्या, एक टिकली, एक नाही. टिकली ती तिची. गेली ती माझी.

मंगलताई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिनं आमच्या दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, "रोप एकाच वाफ्यातलं राहतं. या वावरात लागतं, त्या वावरात नाही. काय करता?" मी पुढे कित्येक महिने ते वाक्य तोंडात घोळवलं. दिलासा मिळेल असं वाटलं होतं. मिळाला नाही. रोपांना एकमेकांची तोंडं बघावी लागत नाहीत.

मिलिंदचं वेगळंच झालं. तो बरा होता आणि त्यालाच ते सोसत नव्हतं. गोळ्यांची वेळ मिनिटभर चुकू द्यायचा नाही हे बरोबरच, पण त्यानं दुचाकी विकली. गर्दी नको म्हणून भाचीच्या लग्नाला गेला नाही. जिन्यावरून उतरताना पोटाच्या उजव्या बाजूला हात धरून उतरायचा, कुणाचं तरी भरलेलं भांडं नेत असल्यासारखा. एकदा मी चिडून म्हटलं, "अरे, जग की जरा." तो म्हणाला, "माझी असती तर जगलो असतो. लोकांची आहे." मग अगदी हळू म्हणाला, "परत देता आली असती तर दिली असती गं." मी त्याच्यावर हात उगारला होता. मारलं नाही, पण उगारला होता. शीळ त्याच्या तोंडून परत ऐकली नाही.

मंगलताईचे फोन येत राहिले. केदाभाऊंच्या डायलिसिसच्या फेऱ्यांमधून, एसटीतून, मार्केटच्या गलक्यातून ती विचारायची, "मनी कशी शे?" मी म्हणायची, "छान आहे." उलट विचारण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. "केदाभाऊ कसे आहेत?" एवढं विचारायची, आणि तिचं उत्तर ऐकताना श्वास रोखून धरायची.

मागच्याच्या मागच्या थंडीत केदाभाऊ गेले. आम्ही दोघं दहाव्याला गेलो. मिलिंद नको म्हणत होता, मीच नेलं. गाव सटाण्यापासून थोडं आत. शेतांतून लाल कांद्याचे ढीग पडले होते, हवेत त्याचा उग्र ओला वास. घरात बायका दाटीनं बसल्या होत्या. आम्ही उंबऱ्यातून आत गेलो आणि कुजबुज सुरू झाली.

"हाऊच का तो?"

"हाऊच."

मिलिंदच्या सदऱ्याकडे, पोटाकडे, सगळ्यांच्या नजरा गेल्या. त्यानं नकळत तिथे हात ठेवला. केदाभाऊंची आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं त्याला जवळ बोलावलं, बराच वेळ बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "आमना घरनी वस्तू. लोकसना घर गयी."

मी सांगायला लागले, "आजी, ती त्यांना चाललीच नसती. रक्तगट—" मंगलताईनं माझा दंड दाबला. बाहेर ओट्यावर येऊन म्हणाली, "सांगू नको. मी लय वेळा सांगितलं. नवऱ्याला दिली नाही, दुसऱ्या माणसाला दिली, हेच राहतं त्यांच्या डोक्यात." ती हे तक्रारीनं बोलत नव्हती. मी तिच्याकडे बघत राहिले. आमच्याकडे मला सगळे देवी म्हणतात. आयटीआयमध्ये सत्कार झाला होता, शाल आणि नारळ मिळाला होता. आम्ही दोघींनी एकाच सकाळी एकच गोष्ट केली होती.

"तिथे बायका म्हणत होत्या, मिलिंद आता तुझा भाऊच झाला," मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं.

"भाऊ शेत माले," ती फटकन म्हणाली. "तीन. एक बी तपासणीले उना नही. आणखी भाऊ काय करू?"

या सगळ्याला आता दुसरी थंडी. मागच्या पंधरवड्यात मी माझ्या वार्षिक तपासणीला गेले. दर वर्षी थंडीत जाते. मिलिंद बरोबर असतोच. माझी पिशवी तो धरतो, माझ्या रिपोर्टचे कागद तो आधी वाचतो. डॉक्टर म्हणाले, "उत्तम. एकच किडनी दोन्हींचं काम करते आहे." बाहेर आलो, आणि पार्किंगमध्ये मला अचानक एक प्रश्न पडला. तो इतकी वर्षं का पडला नाही याचा जाब मी अजून स्वतःला विचारते आहे. मी फोन लावला. तिनं नेहमीप्रमाणे, "मनी कशी—" म्हणायला सुरुवात केली. मी तोडलं.

"ती राहू दे. तुझ्याकडे उरलेली कशी आहे?"

"काय?"

"तुझी. तुझ्या पोटातली. तपासणी कधी केली होतीस?"

ती हसली. "माले काय व्हयेल शे?"

पहिल्या वर्षी झाली होती, एवढंच तिला आठवत होतं. नंतर केदाभाऊंच्या फेऱ्या, मग त्यांचं जाणं, मग कांदे. दवाखान्यानं दोघींनाही सांगून ठेवलं होतं, दर वर्षी या. मला आणणारं माणूस घरात होतं. तिला आणणारं कुणी नव्हतं, आणि ज्यानं तिच्या किडनीसाठी स्वतःला काचेत ठेवलं होतं, त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं की तिच्याकडे एकच उरली आहे. आम्ही तिची दिलेली जपत बसलो. राहिलेली कुणीच बघितली नाही.

मिलिंदला मी हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एसटीत बसून सटाण्याला गेला. गर्दीच्या एसटीत, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि तिला घेऊन आला.

दवाखान्यात तिच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, डॉक्टरांनी पुन्हा एकदा मोजलं. रक्तदाब वाढलेला होता. कधीपासून, कुणास ठाऊक. रक्ताच्या तपासणीतही किडनीवर थोडा ताण दिसत होता. "घाबरण्यासारखं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण आणखी एखादं वर्ष असंच गेलं असतं तर कठीण होतं. गोळी चुकवायची नाही. मीठ कमी. कांद्याच्या गोण्या उचलणं बंद." ती मान हलवत राहिली. मी खिडकीकडे बघत राहिले. माझ्याकडून गेलेली एक तर टिकली नव्हतीच, आता तिच्याकडची राहिलेलीही माझ्या दुर्लक्षानं जाता जाता राहिली होती.

बाहेर बाकावर बसलो. मिलिंद गोळ्या आणायला गेला होता. माझ्यानं आणखी साठवेना.

"मंगल, त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस गेली, आणि मी विचारलं कुणाची. मग तू सांगितलंस आणि मी..."

"मी ऐकेल व्हतं," ती म्हणाली.

मी वाट बघितली. आणखी काही म्हणेल. राग नव्हता असं, किंवा होता असं. तिच्या जागी मी असते तर असं काहीतरी.  पदरानं तिनं दंडावरची पट्ट्याची खूण पुसल्यासारखी केली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसली. तिनं ऐकलं होतं. इतकी वर्षं ते जवळ ठेवून ती फोन करत होती, विचारत होती. माफी मागायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मागितली असती तर तिला काहीतरी द्यावं लागलं असतं. तिच्याकडून आणखी किती घेणार?

रक्तदाब आटोक्यात येईपर्यंत तिला आमच्याकडे ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा मी तिच्यासाठी अळणी भाजी केली. मिलिंदला कमी मिठाची असतेच. माझी नेहमीची. तिनं घास घेतला, तोंड वाकडं केलं, आणि लोणच्याच्या बरणीकडे हात नेला. मिलिंदनं बरणी उचलून मागे ठेवली.

"ताई, नाही. तुमच्याकडे एकच आहे."

"तिनाकडे किती शेत?" तिनं माझ्याकडे हनुवटी उडवली. "तिले कोण सांगस?"

मिलिंदनं माझ्या ताटातलंही लोणचं उचललं आणि माझी भाजी काढून अळणी वाढली. मग आम्ही तिघं गुपचूप तेच अळणी खात राहिलो. मिलिंद हसला आधी, की ती, ते सांगता येणार नाही.

जेवण झाल्यावर ती गच्चीवर आली. दुपारचं ऊन होतं, थंडीतलं, पाठीवर घ्यावंसं. मी धुतलेले कपडे वाळत घालत होते. ती कठड्याला टेकली आणि आपणहून केदाभाऊंबद्दल बोलायला लागली. ते गेल्यापासून प्रथमच. माझी किडनी त्यांच्यात चालू होती, त्या दोन-अडीच महिन्यांतली गोष्ट. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून मिळतं, हे मला मिलिंदमुळे माहीत होतं. दिवसाला थोडंसं, घसा ओला होण्यापुरतं. उन्हाळ्यात ओठांवर ओलं फडकं धरायचं. केदाभाऊंनी तशी कितीतरी वर्षं काढली होती. आणि मग डॉक्टरांनी सांगितलं, आता प्या, भरपूर प्या.

"लागवड चालू होती," ती सांगत होती. "घरातून उकळलेलं पाणी नेलं होतं मी, मोठी कळशी भरून. गार झालेलं. हे बांधावर बसलेले. तांब्या भरून दिला. पिऊन टाकला. आणखी मागितला. बाया रोपं लावायच्या थांबून बघायला लागल्या. मी म्हटलं, हळू प्या. तर म्हणाले, थांबू नको, ओत."

 मग तिच्या बोलीत म्हणाली, "त्या पोट भरीसन पानी पिनात ताई. रोज. थंडीना दिवस, तरी पेतच राहेत. सदरा ओला व्हये, तरी पेत."

माझ्या हातात मिलिंदचा ओला सदरा होता. त्याचं पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळत आलं होतं, गार.

"कळशी रिकामी झाली की हसायचे," ती म्हणाली. "लहान पोरासारखे. आणि म्हणायचे, आण आणखी."